पंधरा मिनिटांचा खजिना



तुमच्यापैकी किती जणांच्या हातात रोज फोन येतो? आणि किती वेळ? आमच्या तळेगाव दाभाड्यातल्या बहुतेक मुलांचं उत्तर ठरलेलं असतं. बाबा एमआयडीसीतली पाळी संपवून घरी येणार, चहा घेणार, आणि मग मिळणार पंधरा मिनिटं! त्यातही धाकटं भावंडं शेजारी बसून 'मला, मला' करणारच.

पण पंधरा मिनिटं काही कमी नाहीत बरं का! ती वाया कधी जातात? काय शोधायचं हे ठरवलेलं नसतं तेव्हा. एक व्हिडिओ संपतो, त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो, आणि आई म्हणते, "झाली वेळ, ठेव आता!" म्हणून आपला एक नियम. आधी वही, मग फोन. दिवसभरात पडलेला प्रश्न वहीत लिहून ठेवायचा आणि फोन हातात आला की तेवढंच शोधायचं. करून पाहा, वेळ पुरून उरतो.

आज तुमच्यासाठी पाच ठिकाणं आणली आहेत. पाचही मोफत. चला तर!

१. सेफ्टीपिनेची मोटार

शोधचौकटीत लिहा, 'अरविंद गुप्ता टॉईज'. हे गुप्ताकाका १९७५ साली कानपूरच्या आयआयटीतून इंजिनिअर झाले. पुण्यात ट्रकच्या कारखान्यात नोकरीही केली. पण त्यांचं मन रमलं ते टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्यात. पुण्याच्या 'आयुका' या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षं काम केलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर शेकडो खेळण्यांची कृती चित्रांसह आहे आणि मराठी पुस्तकंही आहेत.

त्यातली विजेवर फिरणारी मोटार जरूर करा. साहित्य काय? घड्याळात घालतात तसला एक सेल, दोन सेफ्टीपिना, सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक पट्टा, छोटं चुंबक आणि मीटरभर तांब्याची तार. ही तार इनॅमलचा थर दिलेली हवी. पंख्याच्या मोटारी भरून देणाऱ्या दुकानात मिळते.

तारेचं गोल वेटोळं करा. तिची दोन टोकं समोरासमोर, सरळ बाहेर राहू द्या. सेलच्या दोन्ही बाजूंना एकेक सेफ्टीपिन उभी ठेवून ट्यूबच्या पट्ट्याने घट्ट बांधा. सेलवर चुंबक ठेवा आणि वेटोळ्याची टोकं पिनांच्या भोकांत अडकवा. आता खरी गंमत! तारेचं एक टोक चहूबाजूंनी खरवडायचं, पण दुसरं मात्र अर्ध्याच बाजूने. का बरं? दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर चुंबक वेटोळ्याला अर्धा फेरा पुढे ढकलेल आणि उरलेल्या अर्ध्या फेऱ्यात मागे खेचेल. वेटोळं जागच्या जागी डुगडुगत राहील. अर्धं टोक न खरवडल्यामुळे नेमकी त्या वेळी वीज बंद होते आणि आधीच्या वेगाने वेटोळं पुढे निघून जातं. बोटाने हलकासा धक्का द्या, की लागलं फिरायला!

तार तापते, म्हणून जवळ मोठं माणूस हवं. खेळून झालं की वेटोळं काढून ठेवा. आणि घरच्या भिंतीतल्या विजेशी हा खेळ मुळीच नाही, काय?

२. धावती चांदणी

आपल्या डोक्यावरून माणसं जातात, ठाऊक आहे? आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पृथ्वीभोवती साधारण ९० मिनिटांत एक फेरी मारतं. नोव्हेंबर २००० पासून तिथे सतत कुणी ना कुणी राहत आलं आहे. जून-जुलै २०२५ मध्ये आपले शुभांशू शुक्ला तिथे राहून आले. त्या स्थानकात पाऊल ठेवणारे ते पहिले भारतीय.

हे स्थानक साध्या डोळ्यांनी दिसतं! दुर्बीण नको, चष्मा असेल तर तेवढा घाला. 'नासा' या अमेरिकेच्या अंतराळ संस्थेचं 'स्पॉट द स्टेशन' शोधा. आपलं गाव निवडलं की कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या दिशेला ते दिसेल, हे समजतं. दिवस आणि वेळ वहीत लिहून घ्या, फोन बाबांना परत द्या आणि गच्चीवर जा.

हा ठिपका लुकलुकत नाही. विमानाचे दिवे लुकलुकतात, त्यावरून ओळखा. ते दिसतं सूर्यास्तानंतर थोड्या वेळाने किंवा पहाटे. आपल्याकडे अंधार पडलेला असतो, पण सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अजून ऊन असतं, ते त्यावर चमकतं. ४०० किलोमीटर म्हणजे किती? आगगाडीने पुण्याहून मुंबईला जाऊन परत आलात तर जवळपास तेवढं अंतर होतं. आणि वेग? तळेगावहून लोणावळ्याला लोकलने अर्धा-पाऊण तास लागतो. स्थानकाच्या वेगाने गेलात तर चार सेकंद!

पावसाळ्यात मात्र आपल्या मावळात आभाळच दिसत नाही. म्हणून हा बेत हिवाळ्यासाठी राखून ठेवा.

३. पैशापैशाची गोष्ट

आता एक हिशेब. पूर्वी एका रुपयाचे पैसे किती असत? शंभर नव्हे, ६४! त्या काळात अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी एक कल्पना काढली. प्रत्येकाने देशी उद्योगासाठी वर्षाला एकच पैसा द्यायचा. म्हणजे एक रुपया जमायला ६४ माणसं हवीत! लोक हसले असतील, नाही? पण लोकमान्य टिळकांनी या पैसा फंडाला पाठबळ दिलं. त्यातून १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला, तो कुठे? आपल्या तळेगावात! तिथे शिकलेल्या मुलांनी पुढे देशात ठिकठिकाणी काचेचं काम सुरू केलं.

विकिपीडियाही थोडाफार असाच बनला आहे. कुणी एक ओळ लिहितो, कुणी एक फोटो देतो, कुणी चुकलेली वेलांटी दुरुस्त करतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. लिहिणारे सगळे आपल्यासारखेच, बिनपगारी.

मग त्यातलं सगळं खरं मानायचं का? थांबा! तिथे कुणीही लिहू शकतं, म्हणजे चुकीचंही लिहू शकतं. म्हणून लेखाच्या तळाशी जा. माहिती कोणत्या पुस्तकातून घेतली ते तिथे दिलेलं असतं. काहीच दिलेलं नसेल, तर जरा सबुरीने घ्या. आणि दुसरं दार ठोठवा, ते म्हणजे मराठी विश्वकोशाचं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली वाईला हे काम सुरू झालं, पहिला खंड १९७६ साली आला, आणि आता हे जाडजूड खंड फोनवर वाचता येतात. ते त्या त्या विषयातल्या जाणकारांनी लिहिलेले आहेत. दोन्हीकडे एकच गोष्ट सापडली, की वहीत निर्धास्त उतरवून घ्या.

४. आजीच्या शब्दांची पेटी

जेम्स मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने मराठी पंडितांच्या मदतीने मराठी-इंग्रजी शब्दकोश केला. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६० हजार शब्द आहेत! अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाने तो संगणकावर चढवला आहे. 'मोल्सवर्थ मराठी शब्दकोश' असं शोधलं की सापडतो.

आता तुमचं काम. भातलावणीच्या दिवसांत आजी-आजोबा कोणते शब्द वापरतात ते ऐका. खाचर, आवण, चिखलणी, इरलं. तुमच्यातल्या किती जणांनी इरलं पाहिलं आहे? पानांचं विणलेलं, डोक्यापासून पाठीपर्यंत घ्यायचं ते. आता लावणीला प्लास्टिकचे कागद आले. वस्तू गेली की तिचा शब्दही मागोमाग जातो.

हे शब्द मोल्सवर्थमध्ये शोधा. एक युक्ती सांगते. त्या काळी लिहिण्याची पद्धत निराळी होती. आपण 'इरलं' म्हणतो, ते तिथे 'इरलें' असं, मात्रेवर अनुस्वार देऊन शोधावं लागतं. जो शब्द सापडणार नाही, तो अर्थासकट वहीत लिहा. त्यासमोर आजीचं नावही लिहा, कारण तो तिने दिला.

५. खरं की खोटं?

हा शोध सगळ्यांत महत्त्वाचा. नीट वाचा हं.

दोन निरोप फोनवर फिरत असतात. पहिला, 'युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं.' दुसरा, 'युनेस्कोने आपल्या लोहगडाला जागतिक वारसा ठरवलं.' दोन्ही ऐकून छाती फुगते. पण यांतला एकच खरा आहे. कोणता?

युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जाऊन पाहा. ११ जुलै २०२५ रोजी 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ले त्या यादीत आले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला, जिंजी. त्या अकरांत आपला लोहगड आहे. म्हणजे दुसरा निरोप खरा. आणि पहिला? युनेस्को राष्ट्रगीतांच्या स्पर्धाच भरवत नाही. तो निरोप वर्षानुवर्षं नुसता फिरतोय.

तसाच दर दिवाळीत एक फोटो येतो. अंतराळातून दिसणारा रंगीबेरंगी भारत, आणि खाली लिहिलेलं, 'दिवाळीच्या रात्री नासाने काढलेला'. तो दिवाळीचा नाहीच! रात्रीचे दिवे वर्षानुवर्षं कुठे कुठे वाढत गेले, हे दाखवण्यासाठी अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९२ ते २००३ या काळातली चित्रं एकत्र करून निरनिराळे रंग भरले होते. नासाने हे आपल्या संकेतस्थळावर लिहिलं आहे आणि २०१२ च्या दिवाळीचं खरं चित्रही दिलं आहे. रोजच्या दिव्यांपुढे पणत्यांचा उजेड एवढ्या दुरून वेगळा कळतच नाही.

हे सांगितलं तेव्हा वर्गातली एक मुलगी एकदम गप्प झाली. मग उभी राहून म्हणाली, "बाई, तो फोटो मला आजोबांनी दाखवला. मग आजोबा खोटं बोलले का?"

सगळा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटलं, "नाही गं. खोटं बोलणारा माणूस वेगळा. आजोबांना तो फोटो आवडला आणि आवडलेली गोष्ट त्यांनी नातीला दिली. त्यांना फसवलं ते फोटोखाली खोटी ओळ लिहिणाऱ्याने."

"मग त्यांना सांगू का?"

"सांग की! पण चारचौघांत नको. आणि 'तुमचं चुकलं' असंही नको. खरं चित्र उघड, त्यांच्या शेजारी बस आणि म्हण, आजोबा, आपण दोघं मिळून बघू या."

दोन दिवसांनी ती सांगत आली. आजोबांनी चष्मा लावून खरं चित्र बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "यात आपलं तळेगाव कुठे असेल गं?" दोघांनी पुण्याच्या उजेडावरून अंदाजाने जागा शोधली. आता आजोबांना काही आलं, की पुढे पाठवण्याआधी ते नातीला हाक मारतात.

तुम्हीही वहीच्या पहिल्या पानावर हे तीन प्रश्न लिहा. हे मुळात कोणी सांगितलं? कधी सांगितलं? त्याच्या स्वतःच्या जागी ते लिहिलेलं आहे का? तिन्ही उत्तरं मिळेपर्यंत निरोप पुढे ढकलायचा नाही. शेवटी 'पाठवलं नाही तर वाईट होईल' असं लिहिलं असेल, तर मुळीच नाही!

पालकांसाठी दोन शब्द. पंधरा मिनिटं द्याल तेव्हा त्यांतली पाच तरी शेजारी बसा. मूल चुकीच्या पानावर गेलं तर फोन हिसकावून घेऊ नका, 'काय शोधत होतास?' असं विचारा. घाबरलेलं मूल पुढच्या वेळी लपवतं, आणि लपवलेल्या गोष्टीत आपल्याला मदत करता येत नाही. स्वतःचं नाव, पत्ता, शाळा, फोटो अनोळखी ठिकाणी भरायचे नाहीत, एवढं मात्र पक्कं शिकवा.

आता या आठवड्याचं कोडं. आपल्या गावाच्या नावात 'दाभाडे' कुठून आलं? त्या घराण्यातल्या एका स्त्रीने मराठ्यांचं सेनापतिपद सांभाळलं, ती कोण? उत्तर दोन वेगवेगळ्या ठिकाणी तपासा आणि ती ठिकाणं कोणती तेही पोस्टकार्डावर कळवा. नुसतं उत्तर चालणार नाही बरं का! बरोबर उत्तरं पुढच्या अंकात.

तुमच्या,
बाई