वेगवेगळे करून लुटले!

‘शेतकऱ्याने नांगर धरावा, राजकारण शहाण्यांवर सोडावे’ असा शहाजोग उपदेश सर्वच देशांतले सावकार करीत आले आहेत. अमेरिकेतल्या शेतकऱ्याने तो एकदा झुगारून दिला होता. पुढे त्याचे काय झाले, हे शेतात आणि होडीवर राबणाऱ्या प्रत्येकाने नीट ऐकून ठेवावे.

१८६५ साली तिथले यादवी युद्ध संपले. दक्षिणेतली गुलामगिरी गेली, पण कर्जाची बेडी आली. बियाणे, पीठ, कापड सारे दुकानदाराकडून उधारीवर, आणि तारण म्हणून पीक उगवण्याआधीच गहाण! उधारीचा भाव रोखीहून चढा, हिशेबाची वहीही दुकानदाराचीच. मासळी जाळ्यात येण्याआधीच उचल देणाऱ्याला बांधून द्यावी लागते, त्या होडीवाल्याला हे समजावून सांगायला नको. त्यात भाव कोसळले. १८९४ साली कापसाला रत्तलामागे ५ सेंटही मिळेनात.

हा शेतकरी रडत बसला नाही. १८७७ च्या सुमारास टेक्सासात त्याने ‘फार्मर्स अलायन्स’ ही संघटना उभारली. पुढे तिच्यातून लोकपक्ष निघाला. ४ जुलै १८९२ रोजी ओमाहा येथील अधिवेशनात या पक्षाने ठणकावून मागितले : रेल्वे सरकारने चालवावी, श्रीमंतांवर चढता आयकर बसवावा, सिनेटर लोकांच्या थेट मतांनी निवडावेत. त्याच वर्षी पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना १० लाखांवर मते पडली!

मग हा पक्ष बुडाला कसा? १८९६ साली त्याने डेमोक्रॅटिक पक्षाचे ब्रायन हेच आपलेही उमेदवार मानले, आणि ब्रायन हरले. पण कीड त्याआधीच मुळाला लागली होती. दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या संघटनेत काळ्या शेतकऱ्याला दार बंद होते. त्याने १८८६ साली आपली वेगळी संघटना काढली. १८९१ साली तिने कापूस वेचणाऱ्यांसाठी १०० रत्तलांमागे १ डॉलर मजुरी मागून संप पुकारला, तेव्हा विरोधाला उभे राहिले ते गोऱ्या संघटनेचेच अध्यक्ष पोक! आर्कान्सात तर हत्यारबंद टोळीने संपकऱ्यांचे मुडदे पाडले.

जॉर्जियाचे टॉम वॉटसन १८९२ साली सांगत होते की, तुम्हांला वेगळे ठेवतात ते वेगवेगळे लुटता यावे म्हणून. पुढे तेच वॉटसन काळ्यांचे कट्टर द्वेष्टे बनले! मग मतावर कर आणि वाचनाची परीक्षा लादून काळ्यांची मते काढून घेण्यात आली. लुईझियानात १८९६ साली १,३०,००० वर काळे मतदार होते. १९०४ साली उरले जेमतेम १,३००. त्याच चाळणीतून गरीब गोराही गळाला.

१९१३ साली आयकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक या दोन्ही गोष्टी राज्यघटनेत आल्या. मागणी जिंकली, पण तोवर मागणाऱ्यांचा पक्ष संपला होता आणि कापसाच्या शेतातला खंडकरी कर्जातच रुतलेला होता.

बांधवांनो, सावकाराच्या वहीत रंग नसतो, जात नसते. असते ते फक्त येणे. तेव्हा ‘तुझा शेजारीच तुझा वैरी’ असे कोणी कानात सांगू लागला, तर त्याला आधी एकच विचारा : तू कोणाच्या पेढीवरून आलास?