नाचणीबरोबर काय वाढायचे?

भरडधान्यांच्या प्रसाराची चर्चा निघाली की आपल्याकडे बिस्किटे, लाडू आणि शेवया यांचीच नावे पुढे येतात. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षानंतर तर ही यादी अधिकच लांबली. परंतु लाडू कोणी दोन्ही वेळा पोटभर खात नाही. धान्याचा खप टिकतो तो नित्याच्या जेवणात. या दृष्टीने बंगळुरूलगतच्या आनेकल तालुक्यातील साधे शाकाहारी ताट पाहण्यासारखे आहे.

या भागात नाचणी ‘मुद्दे’च्या रूपाने जेवली जाते. उकळत्या पाण्यात पीठ शिजवून, लाकडी दांडक्याने घोटून त्याचे गोळे वळतात आणि घास सारात बुडवून, न चावता गिळतात. सारावाचून मुद्दे घशाखाली उतरत नाही. त्यांपैकी ‘बस्सारु’ची रीत अशी : कडधान्य व पालेभाजी एकत्र शिजवून पाणी निथळून घ्यायचे, त्या पाण्यात वाटलेला मसाला घालून सार करायचे आणि उरलेल्या चोथ्याला फोडणी देऊन कोरडी भाजी. आपल्या कटाच्या आमटीचीच ही युक्ती, फक्त सणापुरती न राहता रोजची झालेली. डिसेंबर-जानेवारीत ओला ‘अवरे’, म्हणजे आपला पावटा, आला की त्याचे सोललेले दाणे ‘हिदुकबेळे’ म्हणून रश्शात पडतात. वालाचे बिरडे जेवणाऱ्या कोकणी वाचकास याहून अधिक सांगावयास नको.

हे ताट मुळात शेतातच मांडलेले असते. दक्षिण कर्नाटकातील ‘अक्कडी सालु’ या जुन्या पद्धतीत नाचणीमध्ये पावटा, तूर, मोहरी, कारळे यांच्या ओळी पेरतात. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. प्रथिने मात्र सात टक्क्यांच्या आसपास, आणि त्यांत लायसिन कमी. ती उणीव कडधान्याची ओळ भरून काढते. स्थानिक पावट्याचा आणखी एक गुण असा की तो दिवस लहान झाल्यावरच फुलोऱ्यावर येतो. नाचणीशी त्याची स्पर्धा कमी होते आणि जमिनीतील उरलेल्या ओलीवर व दवावर तो पोसतो. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाचे बुटके, वर्षभर येणारे ‘हेब्बाळ अवरे’ वाण बाजारासाठी उत्तम आहेत. मिश्र पेरणीसाठी मला जुना पसरणारा पावटाच अधिक सोयीचा वाटतो.

आक्षेप आहे तो आपल्या मोजणीवर. प्रात्यक्षिकात नाचणीचे हेक्टरी क्विंटल मोजले जातात. मधल्या ओळींतून घरात गेलेले कडधान्य तराजूवर येतच नाही. मग सलग नाचणी सरस ठरणारच. यंत्राने कापणी करताना मिश्र ओळी अडतात, हे शेतकऱ्याचे म्हणणे खोटे नाही. जिगणी-बोम्मसंद्रच्या कारखान्यांना लागून असलेल्या आनेकलात तर मजुरांचा प्रश्न अधिकच बिकट. तथापि आठ ओळी नाचणीमागे एक ओळ पावटा, किंवा आठ ते दहा ओळींमागे दोन ओळी तूर, अशी शिफारस उपलब्ध आहे. बी फेकून मिसळण्यापेक्षा ती निश्चित सुटसुटीत. सह्याद्रीच्या उतारावर, जेथे नाचणीची रोपे लावतात, तेथे निदान बांधाच्या कडेने पावटा घेता येईल.

विस्तार कार्यकर्त्यांनी येत्या खरिपात नाचणीच्या बियाण्यासोबत थोडे स्थानिक पावट्याचे व कारळ्याचे बी द्यावे, आणि नोंदवहीत ‘घरी खाल्ले’ असा एक रकाना वाढवावा. तो घरातील गृहिणीला विचारून भरावा. कडधान्याचा डबा कोणत्या महिन्यात रिकामा झाला, हे तिलाच ठाऊक असते.