गॅलरीत जायची भीती वाटते?

मैत्रिणींनो, मुलाने हौसेने नवव्या मजल्यावर घर घेतलं. पण गॅलरीत कपडे वाळत घालायचे म्हटलं की तुमचे हातपाय गार पडतात, छाती धडधडते. सून गालातल्या गालात हसते आणि ‘हे’ म्हणतात, "उगाच बाऊ करतेस!" असं होत असेल तर आधी एक सांगते : हा भित्रेपणा नव्हे. डॉक्टर याला ‘फोबिया’ म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत.

आपण काय करतो? गॅलरीच टाळतो. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पण ‘गेले नाही म्हणून वाचले’ हे मनात पक्कं बसतं आणि भीतीला खतपाणी मिळतं.

अमेरिकेतल्या मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली पीटर नावाच्या लहानग्याची हकिकत प्रसिद्ध केली. तो सशाला घाबरायचा. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा हळूहळू जवळ आणत गेले आणि पोराची भीती गेली!

आजची ‘कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी’ही पायरीपायरीनेच चालते. ‘कठडा खरंच तुटेल का?’ असे विचार तपासायचे आणि भीतीला थोडंथोडं सामोरं जायचं. यात आता ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ची मदत मिळते. डोळ्यांवर मोठ्या चष्म्यासारखं यंत्र चढवलं की समोर उंच इमारत दिसते. पाय जमिनीवरच असतात, पण धडधड मात्र खरी! तिथेच थांबलं की मनाला कळतं, काही होत नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१८ साली शंभर जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांनी हे उपचार घेतले, त्यांची उंचीची भीती सरासरी ६८ टक्क्यांनी कमी झाली. झाडावरचं मांजर सोडवण्यासारखी कामंही त्यांना त्या यंत्रात दिली होती.

असं यंत्र तुमच्या गावात नसलं तरी अडत नाही. त्याशिवायही ही थेरपी होते. भीती सौम्य असेल तर आधी पहिल्या मजल्याच्या खिडकीशी उभं राहा. धडधड ओसरेपर्यंत थांबा, मधेच पळू नका. ती पायरी अंगवळणी पडली की मग पुढची. चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, कारण कानाच्या दोषानेही चक्कर येते. भीतीमुळे रोजचे व्यवहार अडत असतील तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला संकोच कसला? ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावरही मोफत सल्ला मिळतो.

आणि घरच्यांना बजावून ठेवा : चेष्टा नको, हात धरून कठड्याशी ओढणंही नको. यंदा नाही तर पुढच्या दिवाळीला गॅलरीतला आकाशकंदील तुम्हीच लावाल!