पडदा अडला म्हणून मजकूर जात नाही

ज्या घरांत १९९५ ते २००० च्या सुमारास पहिला संगणक आला, त्यांपैकी काही घरांत तो आजही माळ्यावर कापड टाकून ठेवलेला असतो. वडिलांनी टाईप केलेली पत्रे, मंडळाचा जमाखर्च, ताईचे निबंध, आजोबांच्या अर्ध्या राहिलेल्या आठवणी, असे बरेच काही त्यात असते. आज तो सुरू करावा तर विंडोजचे चित्र येते आणि यंत्र तिथेच अडते. मग कोणी म्हणते, "भंगारात द्या." कोणी म्हणते, "फॉरमॅट मारून घ्या." यांपैकी काहीही करण्याआधी एवढे ध्यानात घ्या : विंडोज उघडत नाही याचा अर्थ फायली नष्ट झाल्या असा होत नाही.

विंडोज ९५ (१९९५) आणि विंडोज ९८ (१९९८) यांच्या खाली डॉस ही जुनी प्रणाली असते. यंत्र आधी डॉस सुरू करते आणि मग त्यावर विंडोज चढवते. वरचा मजला बंद पडला तरी तळमजल्याचे दार पुष्कळदा उघडते.

ते दार कसे उघडावे? बटण दाबल्यावर 'स्टार्टिंग विंडोज ९५' ही ओळ दिसताच कळफलकावरची एफ८ ही कळ दाबावी. विंडोज ९८ मध्ये ही ओळ सहसा दिसत नाही. तिथे सुरुवातीची आकडेमोड संपत आली की एफ८ पुन्हा पुन्हा दाबावी किंवा कंट्रोल कळ दाबून धरावी. पडद्यावर एक यादी येईल. तिच्यातील 'कमांड प्रॉम्प्ट ओन्ली' हा पर्याय निवडावा. त्याचा क्रमांक यंत्रागणिक बदलू शकतो, म्हणून नाव वाचूनच निवडावे. २००० साली आलेल्या विंडोज एमईमध्ये मात्र हा पर्याय काढून टाकलेला होता.

आता काळ्या पडद्यावर 'सी:\>' एवढेच दिसेल. घाबरू नये. इथे माऊस लागत नाही. रोमन अक्षरांत आज्ञा टाईप करून एंटर दाबायचे. 'डीआयआर' म्हटले की फायलींची यादी येते. यादी भराभर वर सरकली तर पुढे स्लॅश आणि पी जोडावे. 'सीडी' आणि पुढे कप्प्याचे नाव दिले की त्या कप्प्यात जाता येते. डॉसला लांब नावे दिसत नाहीत, म्हणून 'माय डॉक्युमेंट्स' हा कप्पा 'एमवायडीओसीयू~१' असा दिसतो. 'कॉपी', फाईलचे नाव आणि 'ए:' असे लिहिले की ती फाईल फ्लॉपीवर उतरते.

फ्लॉपीत १.४४ एमबी मावते. वीस केबीचे एक पत्र धरले तर सत्तरेक पत्रे एका फ्लॉपीत बसतात. फ्लॉपी वाचणारे यूएसबी यंत्र आजच्या संगणकालाही जोडता येते. पेन ड्राईव्ह मात्र या डॉसला ओळखता येत नाही. फायली फार असतील तर जाणकाराकडून हार्ड डिस्क काढून घ्यावी आणि अडॅप्टरने नव्या संगणकाला जोडून घ्यावी.

आपल्या घरांसाठी आणखी एक महत्त्वाची गोष्ट. त्या काळी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटमध्ये टाईप होई आणि प्रत्येकाने अक्षरांना आपापले आकडे दिलेले असत. सर्वांना समान असे युनिकोडचे आकडे मराठी टायपिंगमध्ये पुढे रुळले. त्यामुळे नुसती पत्राची फाईल आणली तर नव्या संगणकावर 'क' च्या जागी भलतीच खूण दिसते, आणि पत्र खराब झाले असे वाटते. पत्र शाबूत असते. त्याचा फाँट तेवढा मागे राहिलेला असतो. म्हणून विंडोजच्या कप्प्यातील 'फाँट्स' या कप्प्यातून तो फाँटही उतरवून घ्यावा.

तीन पथ्ये पाळावीत. 'डेल', 'फॉरमॅट' आणि 'एफडिस्क' या आज्ञांना हात लावू नये. इथे पुसलेली फाईल कचरापेटीत जात नाही. हार्ड डिस्क टक्‌टक्‌ वाजू लागली तर यंत्र लगेच बंद करावे आणि जाणकाराकडे न्यावे. आणि उतरवलेली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय जुने यंत्र कोणाच्या हाती देऊ नये.

घरातल्या मुला-मुलींनी एखाद्या रविवारी वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून हे काम करावे. कोणत्या फाईलला काय नाव दिले होते, हे त्यांनाच आठवेल. यंत्र भंगारात गेले तर त्याचे थोडे पैसे येतील. पण त्यासोबत गेलेले आजोबांचे शब्द पुन्हा कोणी लिहून देणार नाही.