तापतो स्लॅब, विकला जातो एसी

मैत्रिणींनो, वैशाखात दुपारी तीन वाजता घरात कोण असतं? आपणच. नोकरीवर गेलेल्याला तिथे कूलर असतो, दुकानात बसणाऱ्याला निदान रस्त्याकडची हवा. स्लॅबखालच्या स्वयंपाकघरात संध्याकाळची कणीक भिजवणाऱ्या बाईला मात्र वरून स्लॅब आणि समोरून शेगडी, दोन्हीकडून भाजून निघावं लागतं.

मे २०२४ च्या अखेरीस अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी चक्क १४४ कलम लावलं. आस्थापनांनी कामगारांना पाणी आणि पंखे द्यावेत, खासगी शिकवण्या भर दुपारी घेऊ नयेत, असा आदेश होता. चांगलाच होता. पण घर हे कामाचं ठिकाण आहे, असं धरायची आपल्याकडे पद्धत नाही. त्यामुळे घरातला उकाडा हा सरकारचा विषय होत नाही, तो ज्याचा त्याचा खासगी प्रश्न राहतो. आणि खासगी प्रश्नाचं उत्तर दुकानात मिळतं!

गेल्या काही काळातल्या बातम्या बघा. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी एसीचं तापमान २० ते २८ अंशांच्या मधेच ठेवता येईल असा नियम आणणार, असं सांगितलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. म्हणजे चर्चा सगळी यंत्राची. घर ज्याच्यामुळे तापतं त्या छपराबद्दल कुणी बोलत नाही. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये ‘कूल रूफ’ धोरण आणलं. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेशी लढायचा आराखडा केला आणि पुढे तिथल्या वस्त्यांमधली छपरं पांढरी करायचं काम झालं. आपल्याकडच्या किती नगरपालिकांच्या बजेटमध्ये छताला पांढरा रंग आहे, हे पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्याला जरूर विचारा.

आपल्या आज्यांच्या माळवदाच्या घरात दुपारी झोप लागायची, कारण वर मातीचा जाड थर होता. आपण सिमेंटचा स्लॅब घातला, आणि तो दिवसभर ऊन पितो. रात्री बाहेर गार झालं तरी तो आत उष्णता सोडत राहतो. पंखा मग ती स्लॅबखालची गरम हवाच अंगावर टाकतो. एसी लावला तरी त्याची निम्मी ताकद या स्लॅबशी भांडण्यात जाते. म्हणून माझं म्हणणं साधं आहे, आधी छप्पर, मग यंत्र. गच्ची पांढरी केली की खालच्या खोलीत दोनपासून चार-पाच अंशांपर्यंत फरक पडतो. घर कसं आहे त्यावर ते अवलंबून. पत्र्याच्या घरात हा फरक जास्त जाणवतो. (पत्र्यावर पऱ्हाट्या-तुराट्या टाकायची जुनी रीत आहे, पण एक ठिणगी पडली तर काय, याचा विचार करा.)

बिलातही ‘स्लॅब’ असतो, तोही असाच तापतो! महावितरणच्या घरगुती बिलात पहिली १०० युनिटं एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या दराने, मग ३०१ ते ५०० आणि त्यापुढे आणखी महाग. शंभरच्या पुढच्या युनिटचा दर पहिल्यापेक्षा दुपटीहून जास्त आहे. आता हिशोब करा. जुना पंखा साधारण ७५ वॉटचा. रोज १६ तास फिरला तर महिन्याला ३६ युनिटं. नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास, म्हणजे साडेचौदा युनिटं. तीन पंखे बदलले तर महिन्याला साठ-पासष्ट युनिटं वाचतात, आणि तीही वरच्या, महाग दरातली. दीड टनाचा एसी रात्रभर आठ तास चालवला तर एका रात्रीत सात-आठ युनिटं सहज जातात. एसी असेलच तर १८ वर ठेवून गोधडी घेऊ नका. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. विदर्भ-खानदेशच्या कोरड्या हवेत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर अजूनही बेस्ट. कोकणात मात्र त्याचा उपयोग नाही, तिथे हवेतच पाणी. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढायचाच, बटण बंद करून भागत नाही. अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात.

आता खरी डोकेदुखी, म्हणजे काम करून घेणं. चुना तर घरच्या घरी देता येतो. भिजवलेला चुना गाळून त्यात थोडं फेव्हिकॉल घालायचं आणि गच्ची झाडून संध्याकाळी दोन हात द्यायचे. हातमोजे घाला, डोळे सांभाळा, पोरांना लांब ठेवा. पावसाने तो जातो, दरवर्षी परत द्यावा लागतो. टिकाऊ रंग किंवा वॉटरप्रूफिंग करायचं म्हटलं की ठेकेदार आला. तो दारात येतो आणि पहिलं वाक्य म्हणतो, “वहिनी, साहेब कधी भेटतील?” गच्चीवर रोज वाळवण घालणारी मी, स्लॅब कुठे तडकलाय ते मला माहीत, आणि बोलणी मात्र ‘साहेबांशी’!

आमच्या घरी असंच झालं. बोलणी तोंडी झाली, निम्मे पैसे आधी दिले. दोन हात ठरले होते, एकच दिला. विचारलं तर म्हणे, “वहिनी, माल चांगला आहे, एका हातात भागतं.” वर माप लावलं ७२० फुटांचं. गच्ची २० बाय ३०, म्हणजे ६०० फूट. बाकीचे १२० कुठून आले? तर कठड्याचे. कठडा धरायचा की नाही हे कुणी बोललंच नव्हतं. भांडण कशाच्या आधारावर करणार?

दुसऱ्या वेळी मी शिवणाची टेप घेऊन स्वतः माप घेतलं आणि तिघांकडून भाव मागवले. वहीच्या कागदावर सगळं लिहिलं. माप किती, कठडा धरून की सोडून, मालासकट की नुसती मजुरी, कोणत्या कंपनीचा कोणता माल, हात किती, शेवाळ घासून भेगा भरायचं काम कुणाचं. खाली त्याची सही घेतली. त्याला जरा राग आला, पण केली. रंगाचे डबे माझ्यासमोर उघडायला लावले आणि रिकामे डबे हिशोब होईपर्यंत नेऊ दिले नाहीत. आधी तिसरा हिस्सा दिला, आणि थोडी रक्कम पहिला मोठा पाऊस झाल्यावर. दहा वर्षांची गॅरंटी कुणी सांगितली, तर ती कंपनीच्या कागदावर आहे की त्याच्या जिभेवर, एवढं विचारा. पक्कं बिल घ्याच. फसलात तर ते बिलच कामाला येतं. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

हीच सावधगिरी सोलरवाल्याशी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि पुढे ७८ हजार रुपये अनुदान ठरलं. योजना मंजूर झाली ती २०२६-२७ पर्यंत, तेव्हा अर्ज करण्याआधी योजनेच्या सरकारी पोर्टलवर सद्यस्थिती पाहून घ्या. एका किलोवॉटमधून महिन्याला साधारण १०० ते १२० युनिटं मिळतात. “अनुदान आम्हीच वळतं करून घेतो, तुम्ही फक्त सही करा,” असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. अनुदान आपल्या बँक खात्यात येतं, आणि तेही काम तपासून झाल्यावर. पोर्टलवर नोंदणी असलेल्याच विक्रेत्याकडून काम करून घ्या. पाच वर्षं देखभाल त्याचीच जबाबदारी आहे, ती करारात लिहून घ्या. पॅनेल भारतीय बनावटीच्या सेलची हवीत, नाहीतर अनुदान अडकतं. गच्चीची गळती आणि पांढरा रंग पॅनेल बसायच्या आधी उरका, नंतर खाली हात पोहोचत नाही.

आणि हो, अर्ज वीजबिलावर ज्याचं नाव त्याच्याच नावाने होतो. आपल्याकडे कितीतरी घरांत बिल अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावाने येतं. म्हणजे आधी महावितरणकडे कागदपत्रं देऊन नाव बदलणं आलं. आता बदलायचंच आहे, तर नवं नाव कुणाचं लावायचं, हेही त्याच दिवशी जेवताना घरात विचारून बघा.