विणकराच्या नजरेला किती डीपीआय?

निगेटिव्ह स्कॅन करायला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारायला हवा तो एवढाच: प्रिंट किती बाय किती काढायची? तो न विचारता सगळा रोल एकाच आकड्यावर स्कॅन करून पेनड्राइव्हमध्ये टाकून दिला, की पुढे भिंतीवरच्या फ्रेमला तो पुरत नाही.

हिशेब सोपा आहे. प्रिंटची लांब बाजू इंचांत घ्या, तिला 300 ने (प्रिंटच्या दर इंचाला इतके ठिपके) गुणा आणि निगेटिव्हच्या इंचांतल्या लांब बाजूने भागा, की स्कॅनचा डीपीआय मिळतो. 35 मिमी फिल्मची चौकट 36 मिमी लांब, म्हणजे साधारण 1.42 इंच. चार बाय सहाला 1270 डीपीआय पुरतात, आठ बाय बाराला 2540 आणि बारा बाय अठराला 3800 लागतात.

भिंतीवरची प्रिंट लोक लांबून बघतात, तिला 300 ऐवजी 200 चालतात, असं जाणकार सांगतात. इतर गावांत चालतही असेल. येवल्यात मला ते पटत नाही. इथल्या जुन्या लग्नांच्या फोटोंत पैठण्या असतात आणि बघणाऱ्याचं आयुष्य हातमागावर गेलेलं असतं. तो नवरीच्या चेहऱ्यावरून थेट पदरावर येतो, काचेला नाक लावून मुनिया पोपटाची चोच बघतो, नारळी काठाची टोकं जुळली आहेत का ते तपासतो. अशा नजरेसाठी 300 च्या खाली जाऊ नये.

मग प्रश्न येतो यंत्राचा. फ्लॅटबेड स्कॅनरच्या खोक्यावर 6400 छापलेलं असलं तरी घरगुती यंत्रांतून खरा तपशील मिळतो तो साधारण दोन हजारांच्या आसपास. त्यापुढे फाइल फुगते, पदरातली जर काही जास्त दिसत नाही. म्हणून 35 मिमीवरून बारा बाय अठरा हवी असेल तर खरे 4000 देणारा फिल्म स्कॅनरच गाठावा. सोळा बिट रंगीत टिफ फाइल एका चौकटीला 130 एमबीच्या घरात जाते, तेव्हा हा खर्च निवडक चौकटींवरच करावा.

पूर्वी बडोद्याला बनत असलेल्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याचे रोल ज्यांच्या ट्रंकेत आहेत त्यांचं काम स्वस्तात होतं. 120 च्या रोलवर बारा फोटो, प्रत्येक चौकट जवळपास 56 मिमीची चौरस. बारा बाय बारा प्रिंटला 1630 डीपीआय पुरे, ते साध्या फ्लॅटबेडवर निघतात. निगेटिव्ह मोठी म्हणून आकडाही मोठा सांगतात, ते उलटं आहे. शिवाय त्या कॅमेऱ्याचं भिंग साधं. 2400 च्या वर गेलात तर फिल्मचा रवाच मोठा होऊन येतो.

एक गोष्ट मात्र हटकून सांगा: कृष्णधवल निगेटिव्हला धूळ काढणारी इन्फ्रारेड सोय बंद ठेवायची. त्या फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते, यंत्र चित्रालाच धूळ समजतं आणि पदरातल्या बारीक रेघा पुसून टाकतं. आधी ब्लोअरने धूळ उडवावी, उरलेले ठिपके नंतर हाताने काढावेत. धार वाढवणंही स्कॅनच्या वेळी नको. प्रिंटचं माप ठरल्यावर ते करावं.

आणि डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर तो रोल आधी स्कॅन करा आणि बाकीच्यांपासून वेगळा ठेवा. ती फिल्म आकसत, वाकत जाते. मग ती स्कॅनरच्या चौकटीत सपाट बसतच नाही.