दोन प्लास्टर आणि एक जिना

चौथीचा एक मुलगा, आंबिवलीचाच. एका वर्षात दोनदा हाताला प्लास्टर घालून वर्गात आला. पहिल्या वेळी अम्मी म्हणाली, "टीचर, जिन्यावरून पडला." दुसऱ्या वेळीही जिनाच. त्यांचं घर बैठ्या चाळीत आहे, हे आम्हाला ठाऊक होतं. तरी आम्ही हजेरीपटावर गैरहजेरी मांडली आणि पुढचा धडा घेतला. दिवाळीच्या सुट्टीनंतर कुटुंब बिऱ्हाड हलवून निघून गेलं.

मग एकेक गोष्ट कानावर आली. पहिलं प्लास्टर कल्याणला घातलं होतं, दुसरं उल्हासनगरला. एका डॉक्टरचा कागद दुसऱ्याने पाहिला नव्हता. धाकट्या बहिणीचं वजन वाढत नाही, हे अंगणवाडीताईंना माहीत होतं. रात्रीचं रडणं शेजारणीने ऐकलं होतं.

सरकारदरबारी या मुलांच्या नोंदी कमी नाहीत. लसीकरणाचं कार्ड, २०२१ पासून अंगणवाडीचा पोषण ट्रॅकर, शाळेचं सरल आणि यू-डायस, दवाखान्याचा केसपेपर. प्रकरण पुढे गेलंच तर पोलीस ठाणं आणि बालकल्याण समिती. पण हे सगळं शेजारी शेजारी ठेवून कोणी वाचत नाही. २००७ साली केंद्र सरकारने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारून पाहणी केली. तीनपैकी दोन मुलांनी मारहाण सोसली होती. मात्र अशी मुलं पुढे किती वेळा दवाखान्यात जातात, शाळा कधी सोडतात, कोणाच्या मदतीपर्यंत पोहोचतात, हे एकदाच विचारून कळत नाही. त्यासाठी नोंदी जोडाव्या लागतात.

लंडनमध्ये व्हिक्टोरिया क्लिंबी ही आठ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २००० मध्ये नातेवाइकांच्या छळाने मेली. त्याआधीच्या जुलैत दहा दिवसांच्या अंतराने तिला दोन वेगवेगळ्या रुग्णालयांत नेलं होतं. पोलीस आणि समाजसेवा खात्यालाही ती माहीत होती. त्यानंतर इंग्लंडने सगळ्या मुलांची एक संगणकीय यादी उभारली. ती २००९ मध्ये सुरू झाली आणि २०१० मध्ये बंदही झाली. प्रत्येक घरातल्या मुलाचं नाव-गाव एका जागी साठवणं लोकांना पटलं नाही.

आपल्याला तरी कुठे पटेल? आपल्या घराघरांत आधार, रेशनकार्ड, जन्मदाखल्यांची प्लास्टिकची पिशवी कपाटात जपून ठेवलेली असते. कोण कधी काय मागेल याचा धाक असतो. त्यात आणखी एक यादी म्हटलं की काळजात धस्स होणारच. ही भीती खुळी नाही, असं आमचं मत आहे.

पण नोंदी जोडण्याची दुसरी रीतही आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९९५ पासून हे काम चालतं. नावं जुळवणाऱ्यांना आजार किंवा मारहाण दिसत नाही आणि अभ्यास करणाऱ्यांना नाव दिसत नाही, नुसता एक आकडा दिसतो. मूल उघडं पडत नाही, तरी कुठल्या दारातून ते विचारपूस न होता परत गेलं ते कळतं. आपल्याकडे बाल न्याय कायद्याने अशा मुलाची ओळख जाहीर करायला बंदी आहेच. ती पाळून हे करता येईल.

अर्थात आमच्या वर्गातल्या मुलासाठी एवढ्या मोठ्या यंत्रणेची गरज नव्हती. १०९८ हा नंबर मुंबईत १९९६ पासून आहे, आता देशभर आहे. लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी कळवणं पॉक्सो कायद्याने सर्वांना बंधनकारक आहे. भगिनींनो, "घरातली बात घरातच" हे आम्हीही मनात म्हटलं होतं. मूल अल्लाहची अमानत आहे, हे मात्र त्या दिवशी आठवलं नाही.

मागच्या महिन्यात मुख्याध्यापकांच्या लॉगिनवर त्या मुलाच्या बदलीची विनंती आली. नवी शाळा भिवंडीतली. नाव, जन्मतारीख, आधार, इयत्ता, सगळं एका क्लिकवर तिकडे गेलं. दोन प्लास्टर लिहायला तिथे रकाना नव्हता. आम्ही त्या शाळेचा नंबर शोधला, मधल्या सुट्टीत फोन लावला आणि वर्गशिक्षिकेला बोलवायला सांगितलं.